सवा तासाचा गड

माझ्या नावावर एकच पुस्तक आहे, आणि त्याची एकही प्रत मी घरात ठेवलेली नाही. पुस्तक म्हणणंही जास्तच होईल. टाचणीनं टाचलेली, 'बेळगावच्या आसपासच्या पायी सहली' या नावाची ती एक पातळ पुस्तिका होती. खडेबाजारातल्या एका बोळातल्या छापखान्यात मी ती हौसेनं छापून घेतली. तेव्हा मी शाळेत मास्तर होतो, वय तिशीच्या आत होतं, आणि आपण लोकांना काहीतरी शिकवलंच पाहिजे अशी माझी समजूत होती.

त्यात सहा सहली होत्या. पाच अगदी गावालगतच्या. तळ्याला फेरी, किल्ल्याच्या खंदकाला फेरी, अशा. सहावी येळ्ळूरच्या गडाची. खासबागेतल्या आमच्या घरामागच्या परड्यातून दक्षिणेला तो गड स्वच्छ दिसायचा. रोज तोंड धुताना दिसायचा. त्यामुळे तिथं जाऊन आल्यासारखंच मला वाटत असे. प्रत्यक्षात मी त्या गडावर गेलो नव्हतो. ही गोष्ट मी पुस्तिकेत लिहिली नाही, ही माझी पहिली चूक. पुढच्या चुका हिच्यातूनच निघाल्या.

माहिती मात्र मी खात्रीच्या माणसाकडून घेतली होती. येळ्ळूरचे एक शेतकरी दर शनिवारी आमच्याकडे भाजी आणि तांदूळ घेऊन यायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांना मी पायरीवर बसवून, वही घेऊन विचारलं, "आप्पा, गावापासनं गड किती लांब?"

"लांब कुठला? दीड पान."

"म्हणजे?"

"म्हंजे दीड पान. वेशीत तोंडात पान घालायचं. ते संपतंय तवर चढ लागतोय. मग आनि निम्मं खायाचं की वर."

"आणि पलीकडं देसूरच्या बाजूला उतरलं तर?"

"दोन पानं. देसुरातनं वळसा घालून परत येळ्ळुरात यायला दोन. साडेपाचात फिरून घरात! बायकाबी जात्यात की वो मास्तर."

आमच्या भागात वाट अशीच मोजतात. कोस आणि मैल कागदावर. चालणाऱ्याच्या तोंडी पान नाहीतर चिलीम. हे मला ठाऊक होतं. पण छापायचं तर घड्याळात बसलं पाहिजे. म्हणून त्या संध्याकाळी मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून पान खाल्लं. आठ मिनिटं लागली. एकाच प्रयोगावर विसंबू नये म्हणून आणखी दोन खाल्ली आणि सरासरी काढली. आठच. साडेपाच आठे चव्वेचाळीस मिनिटं. मी स्वतःला प्रामाणिक समजणारा माणूस. चढ आहे, कुणाला दम लागेल, म्हणून त्यात अर्धा तास पदरचा घातला आणि छापलं: 'येळ्ळूर, गड, देसूर, येळ्ळूर. वर्तुळाकार मार्ग. एकूण वेळ सवा तास. स्त्रियांसही सुलभ.'

पुस्तिका फारशी कुणी घेतली नाही. ज्या थोड्या प्रती गेल्या, त्यातली एक निपाणीला गेली, आणि तिथं ती नेमकी नको त्या हातात पडली.

माझी धाकटी बहीण तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वडील आम्ही लहान असतानाच गेले. तिचं लग्न करून देणं माझ्याकडे होतं. आधीची दोन स्थळं येऊन गेली होती. एकाशी पत्रिका जुळली नाही, दुसऱ्यानं कारणही कळवलं नाही. मग निपाणीचं स्थळ आलं. घरची तंबाखूची वखार, मुलगा मॅट्रिक, वखारीचा पत्रव्यवहार तोच बघायचा. त्याचा फोटो आला तेव्हा बहिणीनं तो एकदाच पाहिला आणि आईच्या हाती परत दिला. दुसऱ्या दिवशी आई फोटो शोधत होती, तर तो बहिणीच्या ट्रंकेत, घडीच्या लुगड्यांखाली सापडला. आईनं तो तिथंच राहू दिला आणि मला बोलावून सांगितलं, "हे मोडता कामा नये."

तेवढ्यात मुलाच्या वडिलांचं पत्र आलं. आपली पुस्तिका वाचून फार समाधान झालं. घरात पोहे खाऊन मुलीला चार पावलं चालवून बघायचं, यात काय अर्थ आहे? आपण सगळेच आपल्या त्या गडाच्या सहलीला जाऊ. सकाळी आठला येळ्ळुरातून निघू, सव्वानऊला परत, अकराला आपल्या घरी जेवायला.

मला खरं सांगायला आठ दिवस होते. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी उलट लिहिलं, 'कल्पना उत्तम आहे.'

आईचा सगळा घोर बहिणीच्या चालण्याविषयी होता. ती लहानपणापासून झपाझप चालायची. विहिरीवर, देवळात, कुठंही निघाली की बरोबरची माणसं मागं पडायची. त्या आठवड्यात आईनं तिला परड्यात चालायला शिकवलं. "हळू. आणखी हळू. नजर खाली. तुला पाठीमागं कुत्रं लागलंय का?" बहीण मुकाट्यानं पावलं मोजत होती. मध्येच माझ्याजवळ येऊन तिनं विचारलं, "अण्णा, तू गेलायस न्हवं रे गडावर?"

"पुस्तक लिहिलंय मी," मी म्हणालो.

शाळेत एखाद्या मुलानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. बहिणीनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि परत पावलं मोजायला गेली.

मार्गशीर्ष होता. भातं कापून झाली होती, शेतात गवताच्या गंज्या उभ्या होत्या, आणि सकाळची थंडी चालायला उत्तम होती. आई स्वयंपाकासाठी घरीच राहिली; बाकीचे आम्ही टांग्यानं येळ्ळुरात उतरलो. मुलाचे वडील म्हणजे भला थोरला फेटा, हातात छत्री, कमरेला पानतंबाखूची चंची. मुलाची आई ठेंगणी, तोंडानं मोजकी आणि नजरेनं चौकस. मुलगा सरळ वाटला, पण त्यानं या दिवसासाठी नवे पंपशू घेतले होते. त्यांची पुस्तिका वडिलांच्या कोटाच्या खिशात होती.

साडेआठ झाले तेव्हा आम्ही वेशीतून निघून नुसते शेतांमधून चालत होतो. गड जिथं होता तिथंच होता. मुलाच्या वडिलांनी घड्याळ काढलं, पुस्तिका काढली.

"मास्तर, पुस्तकाप्रमाणं आपण आता गडावर हाय."

"चढ लागला की लगेच," मी म्हणालो. कशाच्या आधारावर म्हणालो, देव जाणे.

सव्वानऊला आम्ही चढाच्या मध्यावर होतो. ते एका दगडावर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा घड्याळ काढलं.

"पुस्तकाप्रमाणं आता आपण टांग्यात बसतोय."

"अवो, त्या पुस्तकात पाणी कुठं हाय तेवढं बघा की," मुलाची आई म्हणाली.

"पाण्याचं काय लिवलेलं न्हाय. 'स्त्रियांसही सुलभ' एवढं हाय."

त्या बाईंनी माझ्याकडे जी नजर टाकली ती मला आजही सोसत नाही. मुलानं उजवा पंपशू काढून आत बघितलं आणि पुन्हा घातला. बहीण पन्नासएक पावलं मागं होती. आईनं शिकवल्याप्रमाणे नजर खाली ठेवून, एक एक पाऊल मोजून टाकत येत होती. इतकी हळू की मला तिच्याकडे बघून कळवळा यायला हवा होता. त्याऐवजी मला एक युक्ती सुचली.

मी जे बोललो ते इथं जसंच्या तसं लिहितो. माझी शिक्षा म्हणून समजा. मी म्हणालो, "वेळ तसा बरोबर आहे. पण बहिणीला जरा सावकाश चालायची सवय आहे. तिच्यामुळं आपण थांबत थांबत आलो."

मुलाचे वडील "अस्सं," एवढंच म्हणाले. पण मुलाची आई, जी बसायला टेकली होती, ती उठून उभी राहिली.

"ल्हानपणापासनं?"

"अं... हो."

"डावा का उजवा?"

"काय?"

"पाय," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलगी बघायला गेल्यावर तिला खोलीतून चालवतात ते कशासाठी, हे मला काय ठाऊक नव्हतं? आणि इथं मुलीच्या सख्ख्या भावानं, कुणी न विचारता, पायाची गोष्ट काढली होती. मी घाईघाईनं म्हणालो, "दोष असा काही नाही." या वाक्यानं काय होतं ते लग्नं जुळवणाऱ्या कुणालाही विचारा.

तिथून वरपर्यंत त्या बाईंनी ना वाट बघितली ना डोंगर. त्या बहिणीच्या मागं चालल्या आणि तिच्या घोट्यांवरून त्यांची नजर हलली नाही.

गडावर आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. वर ढासळलेला तट, गवत, सिद्धेश्वराचं देऊळ. वारा छान होता. मुलाचे वडील देवळाच्या पायरीवर आडवे झाले. मुलाच्या आईनं देवाला हात जोडले आणि लगेच बहिणीला हाक मारली.

"पोरी, जरा हितनं त्या बुरजापतोर चालून दाव बघू."

बहीण येळ्ळुरापासून चालतच आली होती. तरी ती बुरजापर्यंत गेली आणि परत आली.

"आता जरा निऱ्या वर धरून."

ती पुन्हा गेली, पुन्हा आली. मुलगा लाजून तटाबाहेर बघत होता. वळताना बहिणीनं माझ्याकडे बघितलं. हे काय चाललंय, एवढंच त्या नजरेत होतं. मी तटाचा एक चिरा बोटानं चाचपून बघू लागलो, जणू तो मीच बसवला होता.

उतरताना मुलाच्या आईनं फर्मावलं, "पोरीला म्होरं चालू द्या. उतारावर कळतंय." बहिणीला कारण माहीत नव्हतं, पण पुढं जायला सांगितलं म्हटल्यावर, आणि आई तिथं नाही म्हटल्यावर, तिचे पाय मोकळे झाले. ती देसूरच्या अंगानं जी सुटली ती आम्ही अर्ध्यावर येईतो पायथ्याच्या विहिरीवर पोचली होती. मुलगा तिच्या मागं गेला. त्याचे पंपशू आता त्याच्या हातात होते.

पाणी प्यायची घाई म्हणून मी त्याच्या आईवडिलांच्या पुढं आलो होतो. विहिरीच्या अलीकडं गवताची गंजी होती. तिच्या आडून मला दोघांचं बोलणं ऐकू आलं. मी थांबलो. हेही करायला नको होतं.

तो टाचेवर पाणी घेत होता. म्हणाला, "एक विचारू? तुमच्या अण्णांनी हे सगळं चालून लिहिलंय?"

"अण्णा बाजारात कोथिंबीर आणायलापण टांग्यानं जातात," बहीण म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. मग तिनं आवाज उतरवून म्हटलं, "पण तुमच्या वडलांना सांगू नका. घरात अण्णांचं ते एकच पुस्तक हाय. त्यांना लई वाईट वाटंल."

मी गंजीला टेकून उभा राहिलो. तिला सुरुवातीपासून ठाऊक होतं. आठ दिवस ठाऊक होतं, आणि ती माझं झाकत होती. आणि मी तिचा पाय विकून माझा सवा तास वाचवला होता.

मी तसाच माघारी वळलो. म्हटलं, आता यांना सगळं सांगून टाकायचं. पण माझं नशीब असं की सांगायची संधीसुद्धा मला नीट मिळाली नाही. मुलाच्या आईवडिलांपाशी एक बैलगाडी थांबली होती, तिच्यात गवत भरलं होतं, आणि गाडीवर आप्पा बसले होते.

"आगा बाबौ, मास्तर! तुमी हिकडं? पयल्यांदाच आलासा न्हवं गडावर?"

मुलाचे वडील सावकाश माझ्याकडे वळले. "पयल्यांदाच?"

"व्हय की," आप्पा कौतुकानं म्हणाले. "मलाच इचारत हुते, किती लांब किती लांब म्हनून. मी म्हटलं, साडेपाच पानं." आणि त्यांनी गाल फुगवून दाखवला. "ह्ये बघा की. येळ्ळुराच्या वेशीत घातल्यालं. आजून हाय."

मुलाच्या वडिलांचा जन्म तंबाखूत गेलेला. ते आप्पांच्या गालाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पुस्तिका काढली, ओठ हलवत काहीतरी हिशोब केला, आणि मला विचारलं, "मास्तर, तुमचं पान किती वेळ टिकतंय?"

"आठ मिनिटं," मी म्हणालो. "तीन खाऊन बघितली."

"तंबाखू?"

"नाही. गुलकंद."

बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. मग मुलाचे वडील म्हणाले, "ते पान खाणं न्हवं मास्तर. ते जेवणानंतरचं औषध हाय."

आप्पा हसायला लागले. मुलाची आई हसली नाही. "मग पोरगी सावकाश चालतीया म्हणालासा ते?"

"खोटं," मी म्हणालो. "साफ खोटं. माझं पुस्तक खोटं पडू नये म्हणून बोललो. तिचे दोन्ही पाय उत्तम आहेत. ती इतकी झपाझप चालते की आईनं तिला आठ दिवस परड्यात हळू चालायला शिकवलंय."

हे शेवटचं वाक्य गाळलं असतं तरी चाललं असतं. पण खरं बोलायची सवय नसली की माणसाला कुठं थांबायचं ते कळत नाही.

"म्हंजे घरात पळती?" मुलाची आई म्हणाली.

मी मान डोलावली. त्या उतारावरून खाली बघत राहिल्या. विहिरीपाशी बहीण पोहरा भरून काढत होती, आणि त्यांचा मुलगा अनवाणी उभा राहून ओंजळीनं पाणी पीत होता. "अवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गाडीत बसा. उपाशी मराय आलं."

आप्पांच्या गाडीत गवतावर दोघं बसली, मुलालाही त्यांनी वर घेतलं. मी पाय वर ठेवणार तोच मुलाचे वडील म्हणाले, "तुम्ही चाला मास्तर. दुसऱ्या आवृत्तीला उपयोगी पडंल." मी चाललो. बहीणही चालतच निघाली. गाडीत जागा होती, पण तिनं "मला चालायला आवडतंय," असं सांगितलं. देसूर ते येळ्ळूर ती बैलांच्या पुढं राहिली. मागं गवतावर बसून मुलाच्या आई अखेरपर्यंत तिचे पाय बघत होत्या, पण आता वेगळं बघत होत्या की तेच, मला ओळखता येत नव्हतं.

अकराचं जेवण आम्ही तीन वाजता जेवलो. आई दारातच उभी होती. पुरणपोळ्या गार झाल्या होत्या आणि कुणी कुणाला आग्रह केला नाही. जाताना मुलाचे वडील "कळवतो," एवढंच म्हणाले. संध्याकाळी पाय धुताना बहिणीनं विचारलं, "अण्णा, त्या बाई सारख्या माझ्या पायांकडं का रे बघत होत्या?"

"बघतातच मुलीच्या पायांकडे," मी म्हणालो. पुन्हा. एवढं सगळं होऊनही पुन्हा.

त्यानंतरचे बारा दिवस घरात कुणी निपाणीचं नाव काढलं नाही. बहिणीनं ट्रंकेची कडी एकदाही वाजवली नाही. मी शाळेतून येताना रोज पोस्टावरून यायचो. तेराव्या दिवशी मी शाळेत असताना पत्र घरी आलं. मी दारातून आत आलो तेव्हा आई माजघरात भिंतीला टेकून बसली होती आणि बहीण तिला मोठ्यानं पत्र वाचून दाखवत होती.

'...मुलगी आम्हांस पसंत आहे. तिच्या पायांबद्दल तिच्या बंधूंनी डोंगरावर जे सांगितले, त्यांत काही तथ्य नाही अशी आमची पूर्ण खात्री झाली आहे. मात्र पुढील बैठकीस बंधूंनी न येता घरातील अन्य वडील माणसाने यावे, ही विनंती. वेळ, अंतर आणि मुलगी या तीनही विषयांत बंधूंच्या बोलण्यावर विसंबता येत नाही...'

"पायांबद्दल?" आई म्हणाली. "पायांबद्दल काय सांगितलंस रे तू?"

मी चपलाही काढल्या नव्हत्या. उभ्यानंच सगळं सांगितलं. पानापासून सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला आणि मग पदर तोंडात कोंबला. ती रडते की हसते हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहिणीनं पत्र नीट घडी घालून पाकिटात ठेवलं, ट्रंकेकडे गेली, आणि लग्नाच्या दिवसापर्यंत माझ्याशी गरजेपुरतंच बोलली. बैठकीला काका गेले.

लग्नात भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, अशी समज द्यायची रीत आहे ती. मी पुढं झालो, हात वर केला. तेवढ्यात बहीण मुंडावळ्यांच्या आडून, अर्ध्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाली, "थांबा. आधी तुम्ही त्यांचा पिळा."

मांडवात हशा झाला. निपाणीकडची मंडळी तर मांड्या थोपटायला लागली. गोष्ट तिकडं सगळ्यांना माहीत होती. नवरा बिचारा भला. त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिचं ऐकलं. त्यानं माझा कान दोन बोटांत धरला आणि अगदी हळू, दुखणार नाही असा पिळला.

मी वाट बघत उभा होतो की तो आता जोरात पिळेल. त्यानं सोडून दिला. बहीण मात्र त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "जा अण्णा, जेवून घे जा."